मौल्यवान वस्तू तिच्या खऱ्या किमतीनिशी पाठवा : ठाणे-नवी मुंबईतील ऑनलाइन विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून घड्याळे, नाणी, पेन, कॅमेरे, चांदीची भांडी, पैठण्या आणि अशाच मौल्यवान वस्तू ऑनलाइन विकणारे सर्व बंधुभगिनी

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांचे रीतसर दुकान नाही. कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी हा उद्योग करतो, कुणी घरातल्या वडिलोपार्जित वस्तूंना जाणकार गिऱ्हाईक शोधतो, तर कुणा गृहिणीने येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणून त्या देशभर पोहोचवण्याचा व्यवसाय स्वतःच्या हिमतीवर उभा केला आहे. मी स्वतः जुनी मनगटी घड्याळे दुरुस्त करून विकतो. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाल्यापासून तिच्या चावीच्या घड्याळांना संग्राहकांकडून मागणी वाढत गेली आहे, आणि माझी बरीचशी गिऱ्हाइके परगावची आहेत. वस्तूची पारख, तिची स्वच्छ छायाचित्रे, दोष न लपवता केलेले वर्णन आणि रास्त भाव या बाबतीत आपली मंडळी काटेकोर आहेत, हे मी जवळून पाहिले आहे. मात्र सौदा ठरल्यानंतर ती वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतचा जो प्रवास असतो, त्याकडे आपण तितक्या गांभीर्याने पाहत नाही. त्यातही एक सवय फार खोलवर रुजली आहे : पाठवताना पावतीवर वस्तूची खरी किंमत न लिहिण्याची. हे पत्र मुख्यतः त्या सवयीविरुद्ध आहे.

हे लिहिण्यास एक घटना कारणीभूत झाली. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या एका परिचितांनी कॅमेऱ्याची एक लेन्स ४२,००० रुपयांना नागपूरच्या एका गृहस्थांना विकली. पैसे आगाऊ मिळाले होते, लेन्स उत्तम स्थितीत होती आणि दोन्ही बाजूंची माणसे सचोटीची होती. कुरिअरच्या काउंटरवर ‘आत काय आहे’ असे विचारले गेले, तेव्हा ‘गिफ्ट’ असे उत्तर देण्यात आले आणि किमतीच्या रकान्यात ५०० रुपये लिहिले गेले, कारण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नेहमीच्या ग्राहकाने तोच सल्ला दिला. नागपुरात खोका पोहोचला तेव्हा त्याची एक बाजू फाडून पुन्हा टेपने चिकटवलेली होती आणि आत केवळ बबल रॅप होता. तक्रारीला कंपनीकडून आलेले उत्तर दोन ओळींचे होते : आपण जाहीर केलेल्या किमतीनुसार भरपाई देण्यास आम्ही तयार आहोत. नागपूरच्या गृहस्थांनी साहजिकच पैसे परत मागितले, आणि माझ्या परिचितांनी ते आपल्या बचतीतून दिले. चोरी कुणी केली हे कळण्याचा मार्ग उरला नाही, पण ४२,००० रुपयांची वस्तू कागदोपत्री ५०० रुपयांची झाली ती चोराच्या हाताने नव्हे, हे मान्य करावे लागेल.

‘एकदा वस्तू कुरिअरवाल्याच्या हवाली केली की आपली जबाबदारी संपली’, असे आपल्यातले अनेक जण मनापासून मानतात. कायदा तसे म्हणत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ३९ नुसार, माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की सर्वसाधारणपणे तो गिऱ्हाइकाला दिला असे धरले जाते, हे खरे आहे. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात पुढची अट घातलेली आहे. मालाचे स्वरूप लक्षात घेऊन विक्रेत्याने वाहतूकदाराशी गिऱ्हाइकाच्या वतीने वाजवी करार केला पाहिजे, आणि तो न करता पाठवलेला माल वाटेत गहाळ झाला किंवा बिघडला, तर ‘वाहतूकदाराला दिले म्हणजे मला दिले’ हे मानण्यास गिऱ्हाईक नकार देऊ शकतो किंवा विक्रेत्याकडून नुकसानभरपाई मागू शकतो. ऑनलाइन विक्रीची कल्पनाही नव्हती त्या काळातला हा कायदा आपल्या आजच्या व्यवहाराला किती नेमका लागू पडतो, ते पाहावे. चाळीस हजारांची लेन्स पाचशे रुपयांची म्हणून पाठवणे हा त्या वस्तूच्या स्वरूपाला साजेसा वाजवी करार आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास ठेवून पैसे आधी दिलेले असतात. त्याच्या वतीने जो करार आपण काउंटरवर करतो, तो त्याच्या हिताचा असला पाहिजे.

वाहतूकदाराच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती आणखी कठोर आहे. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी कुणी वाचत नाही, परंतु त्या निर्जीव नसतात. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे स्पष्ट केले. त्यात पाठवणाऱ्याने सही केलेल्या कन्साइनमेंट नोटवर, म्हणजे माल पाठवण्याच्या पावतीवर, जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित असल्याची अट होती, आणि ती अट त्याच्यावर बंधनकारक ठरली. रस्त्याने होणाऱ्या वाहतुकीसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा असून तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्था त्याच्या व्याख्येत स्पष्टपणे येतात. त्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही पाठवणाऱ्याने जाहीर केलेल्या किमतीच्या आत, मर्यादित राहते. अधिक जोखीम-दर भरून जास्त किमतीची हमी घेतली असेल तरच ती वाढते. म्हणजे १५० रुपये भाडे देऊन पाठवलेल्या वस्तूची कमाल भरपाई १,५०० रुपये, आणि पावतीवर ५०० लिहिले असतील तर ५००. हा हिशेब समजून घेतल्यावरही कुणी खोटी किंमत लिहीत असेल, तर तो आपले नुकसान स्वतःच्या हाताने आधीच मान्य करून ठेवतो आहे.

खरी किंमत न लिहिण्यामागची कारणे मी अनेकांकडून ऐकली आहेत, आणि त्यांचा विचार आदराने केला पाहिजे, कारण ती सगळीच लोभापोटी आलेली नाहीत. सर्वांत प्रामाणिक कारण चोरीच्या भीतीचे आहे. किंमत लिहिली की नजर जाते, असे म्हणतात. साध्या पार्सलच्या वेष्टनावर ‘सोन्याचे घड्याळ’ असे लिहिणे मूर्खपणाचे आहे, यात वाद नाही. वस्तूचे नाव, कंपनीचा लोगो असलेला खोका, आपल्या व्यवसायाचे चित्रमय स्टिकर, यांतले काहीही बाहेर दिसता कामा नये. परंतु विमा उतरवलेले टपाल साध्या टपालाच्या ढिगातून जात नाही. ते वेगळे नोंदले जाते, त्याचे वजन केले जाते, आणि ते ज्याच्या हाती जाते त्याची नोंद राहते. किंमत लपवून ठेवलेले पार्सल मात्र कुणाचीही नोंद न होता शेकडो पार्सलांसोबत गोदामात पडून असते, आणि त्यातला ऐवज हाताळणाऱ्याला आवाजावरून, वजनावरून, आकारावरून ओळखता येतोच.

दुसरे कारण कराचे. पावतीवर मोठा आकडा आला तर विचारणा होईल, किंवा परराज्यात ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला लागणाऱ्या ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन जीएसटी नोंदीची, कटकट मागे लागेल, असे वाटते. गिऱ्हाइकाचे पैसे यूपीआयने आपल्या खात्यात आलेले आहेत. संपूर्ण रक्कम, तारीख आणि वेळ यांसह बँकेकडे त्याची नोंद आहे. कुरिअरच्या पावतीवर कमी आकडा लिहून काहीच लपत नाही. उलट वाद झालाच, तर आपल्याच दोन कागदांवर दोन किमती दिसतात आणि आपल्या शब्दाचे वजन कमी होते. खर्च वाचवण्याचे तिसरे कारण मला सर्वांत दुबळे वाटते. चाळीस हजारांच्या वस्तूमागे विम्याचे थोडे रुपये ज्या सौद्यात परवडत नाहीत, त्या सौद्याचा भावच चुकीचा ठरला आहे.

आता टपाल खात्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्या पिढीच्या विक्रेत्यांना ते जुनाट वाटते आणि मला ते या कामासाठी आजही सर्वांत भरवशाचे वाटते. भारतात पार्सलचा विमा आणि व्ही.पी.पी. (वस्तू हाती देताना तिचे पैसे वसूल करणारे टपाल) या दोन्ही सेवा १८७७ साली सुरू झाल्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके व्ही.पी.ने मागवून, पोस्टमनच्या हाती पैसे देऊन सोडवून घेणारी मराठी घरे आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिली आहेत. दूरच्या अनोळखी माणसाला वस्तू पाठवावी, ती हाती आल्यावर त्याने पैसे द्यावेत आणि मधल्या काळाची जबाबदारी एका संस्थेने घ्यावी, ही व्यवस्था आपल्याकडे दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. विमा टपालाची शिस्तही तितकीच जुनी आहे. पाकिटाच्या वा कापडात शिवलेल्या पार्सलच्या प्रत्येक जोडावर एकाच रंगाच्या लाखेने एकाच खासगी खुणेच्या मोहोरा उठवायच्या, आणि ती खूण चालू नाण्याची किंवा नुसत्या सरळ-आडव्या रेघांची नसावी, असा दंडक होता. कारण नाणे कुणाच्याही खिशात असते आणि रेघा कुणीही ओढू शकतो. सोने, चांदी, जडजवाहीर, नाणी, नोटा यांसारख्या गोष्टी विम्याशिवाय टपालात टाकण्यास जुन्या नियमांत मनाई होती. वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि खात्याच्या विम्याची कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे.

विम्याविना पाठवलेल्या टपालाचे काय होते, तेही स्पष्ट माहीत असले पाहिजे. १८९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा डाकघर अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे. त्याच्या कलम १० नुसार नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीखेरीज टपाल खाते आपल्या सेवांबाबत कोणतीही जबाबदारी घेत नाही. स्पीड पोस्टची वस्तू हरवल्यास मिळणारी भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती, अशी वर्षानुवर्षे राहिली आहे. ‘स्पीड पोस्टने पाठवले आहे, काळजी नको’ असे गिऱ्हाइकाला सांगणारे आपले मित्र वेग आणि सुरक्षितता यांची गल्लत करत असतात. स्पीड पोस्ट वस्तू लवकर पोहोचवते आणि तिचा माग दाखवते. तिची किंमत भरून देण्याची हमी विम्याखेरीज मिळत नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टसोबत दोन उपयुक्त सोयी प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी एवढ्या अल्प शुल्कात मिळतात. नोंदणी घेतली तर टपाल पत्त्यावरील व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच मिळते, आणि ओटीपीची सोय घेतली तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला क्रमांक सांगितल्याशिवाय ते हवाली होत नाही. ज्यांच्या वस्तू घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या मोठ्या गृहसंकुलांत जातात, त्यांना याचे मोल अधिक कळेल. तिथे अनेक पार्सले प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ठेवली जातात, ‘पोहोचले’ अशी नोंद होते, आणि ज्याचे पार्सल आहे त्याला ते रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी मिळते. त्या मधल्या तासांचा जबाबदार कुणीच नसतो. सुरक्षारक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ते त्याचे काम नाही आणि त्याचे वेतनही त्यासाठी नाही. विक्रेत्याने पाठवण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला फोन करून तो कोणत्या दिवशी घरी असेल, हे विचारून घ्यावे आणि ‘केबिनमध्ये ठेवू नये’ असे ठरवून घ्यावे.

खासगी कुरिअरने पाठवणे काही वेळा अपरिहार्य असते. तेव्हा काउंटरवर विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते न लाजता विचारावेत. माझ्या वस्तूचा प्रकार तुमच्या अटींत वर्ज्य आहे का? दागिने, रोकड, मौल्यवान धातू बहुतेक कुरिअर संस्था स्वीकारतच नाहीत, आणि वर्ज्य वस्तू नाव बदलून पाठवली तर विमा असूनही दावा फेटाळला जातो. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) असा शिक्का आहे की ‘कॅरिअर्स रिस्क’ (जोखीम वाहतूकदाराची)? जाहीर किमतीवरचा जादा आकार, ज्याला त्यांच्या भाषेत एफओव्ही म्हणतात, भरल्यावर विम्याचा स्वतंत्र कागद मिळतो की नुसते तोंडी आश्वासन? डॉकेटवरची, म्हणजे कुरिअरच्या पावतीवरची, किंमत आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यावी आणि पावतीचे छायाचित्र तिथेच उभे राहून काढावे. रायडरच्या ॲपवरून ठाण्यातल्या ठाण्यात वस्तू पाठवणाऱ्यांनीही त्या ॲपच्या अटींमधील मौल्यवान वस्तूंबाबतचा भाग एकदा शांतपणे वाचावा.

खरी किंमत लिहिली म्हणजे काम संपले असे मात्र नाही, कारण लिहिलेली किंमत सिद्ध करावी लागते. पॅकिंगकडे मी याच दृष्टीने पाहतो : वस्तू सुरक्षित राहणे आणि ती आत होती याचा पुरावा राहणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत. घड्याळ असेल तर मागचे झाकण उघडून यंत्राचे, त्यावरच्या क्रमांकाचे आणि डायलचे छायाचित्र काढावे. त्यानंतर वस्तू हातात घेण्यापासून खोका बंद करून त्यावर पत्ता चिकटवेपर्यंतचे सलग, न तोडलेले चित्रीकरण करावे, आणि शेवटी बंद खोका घरच्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन दिसू द्यावे. टपालाच्या पावतीवरचे वजन आणि आपले वजन जुळले, तर त्या पुराव्याला आव्हान देणे कठीण जाते. ऐरोलीच्या प्रकरणात असे चित्रीकरण असते तरी पाचशे रुपयांच्या जाहीर किमतीपुढे त्याचा उपयोग झाला नसता, ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष बांधणीत प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा असतो. चावीच्या घड्याळात सर्वांत नाजूक भाग म्हणजे बॅलन्सच्या (घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाच्या) दांड्याची केसासारखी बारीक टोके. जुन्या, धक्कारोधक नसलेल्या यंत्रात एका आदळण्याने ती मोडतात आणि घड्याळ वरून जसेच्या तसे दिसत असूनही बंद पडते. म्हणून घड्याळ मऊ कापडात गुंडाळून एका लहान डबीत आणि ती डबी सर्व बाजूंनी किमान दोन इंच भरणी असलेल्या मोठ्या खोक्यात, अशी दुहेरी बांधणी मी करतो, आणि चावी उतरू देऊन घड्याळ थांबल्यावरच ते बंद करतो, म्हणजे पार्सलमधून टिकटिक ऐकू जात नाही. खोका कानाशी धरून हलवला असता आत काहीही सरकता कामा नये. नाणी एकमेकांवर आपटू नयेत, म्हणून प्रत्येक नाणे वेगळ्या होल्डरमध्ये घालून पुठ्ठ्याला घट्ट बसवावे. ती पाठवण्यापूर्वी घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने त्यांचे मोल कायमचे उतरते. पेनातली शाई पूर्ण काढून ते धुवून, वाळवून पाठवावे. विमानप्रवासातील दाबाच्या फरकाने उरलेली शाई बाहेर येते. कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवावी. फोनसारख्या वस्तूत लिथियम बॅटरी असते, तिची माहिती बुकिंगच्या वेळी सांगितली पाहिजे, कारण विमानाने जाणाऱ्या मालात अशा बॅटरींवर निर्बंध आहेत.

पैठणीच्या बाबतीत एक-दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. जरीचा पदर आतल्या बाजूस येईल अशी घडी, दोन घड्यांमध्ये मलमल, आणि कुठेही टाचणी वा स्टेपलर नको. ठाण्या-नवी मुंबईचा पावसाळा जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही, आणि त्या दिवसांत हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत अडकलेली दमट हवा कापडाला जेवढा त्रास देते तेवढा बाहेरचा पाऊसही देत नाही. म्हणून कापड कोरड्या दिवशी, पूर्ण सुकलेले असतानाच बांधावे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पाणीरोधक थर सर्वांत बाहेर असावा. लेन्सवर बुरशी धरते तीही अशाच कोंडलेल्या ओलाव्याने.

पत्त्याचा प्रश्न नवी मुंबईत वेगळाच आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे आणि खारघर या प्रत्येक ठिकाणी सेक्टर १० आहे. ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ एवढाच पत्ता लिहिला तर पार्सल कुठेही भटकू शकते, आणि जेवढे ते भटकते तेवढे जास्त हात त्याला लागतात. शेजारी असूनही सीबीडी बेलापूरचा पिन ४००६१४ आहे आणि रायगड जिल्ह्यातल्या खारघरचा ४१०२१०. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती अशाच सारख्या नावांच्या घोळावर उपाय म्हणून, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी असूनही संस्कृत कवी म्हणून तितकेच ख्यातनाम होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. नोडचे (वाशी, नेरूळ अशा विभागाचे) नाव, सेक्टर, प्लॉट, इमारत, सदनिका, पिन आणि दोन मोबाइल क्रमांक हे सर्व गिऱ्हाइकाकडून लेखी मागवावे. पाठवणाऱ्याचा पत्ताही तितकाच पूर्ण असावा, कारण परत आलेले पार्सल आपल्यापर्यंत पोहोचायला तोच एक आधार असतो. आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवावी.

पैशांच्या फसवणुकीविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल आपण एकमेकांना बऱ्यापैकी सावध करत असतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यातली जमा रक्कम स्वतः पाहावी. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ‘माझा माणूस घ्यायला येतो’ असे म्हणणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार द्यावा, कारण मग वस्तू कुणाला दिली याचा कोणताच कागद राहत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या तासातच कळवावे.

विम्याच्या मर्यादेपलीकडच्या, म्हणजे १ लाख रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूबाबत माझे मत ठाम आहे : गिऱ्हाईक ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईत असेल तर ती पाठवूच नये, नेऊन द्यावी. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने सुमारे अर्धा तास लागतो. भेट बँकेच्या शाखेत ठरवावी, वस्तू गिऱ्हाइकाला तपासू द्यावी, पैसे तिथेच वर्ग करून घ्यावेत आणि दोघांच्या सहीची पावती करावी.

एवढे सगळे करूनही वस्तू गहाळ होऊ शकते किंवा फुटू शकते. अशा वेळी गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेले असावे की, खोका फाटलेला, ओला किंवा पुन्हा चिकटवलेला दिसला, तर सही करण्यापूर्वी तसा शेरा लिहावा. टपालाचे पार्सल असेल तर ते पोस्टात अधिकाऱ्यांसमोर उघडून देण्याची, म्हणजे ओपन डिलिव्हरीची, मागणी करावी आणि वेष्टन फेकून देऊ नये. तक्रार त्याच दिवशी लेखी करावी. कुरिअरविरुद्ध दावा करायचा झाल्यास २००७ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते; फोनवर ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर ऐकत राहिल्याने ही मुदत कधी उलटून गेली, ते कळत नाही. ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र हा सगळा पाठपुरावा आपण, म्हणजे विक्रेत्याने, करायचा आहे. गिऱ्हाइकाचे पैसे त्यासाठी अडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. वाहतूकदार आपण निवडला होता, करार आपण केला होता.

यास्तव माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. यापुढे विक्रीसाठी टाकलेल्या प्रत्येक वस्तूचा भाव विमा आणि टपालखर्चासह लिहावा, आणि ‘विमा नको, स्वस्तात पाठवा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तशी सवलत देऊ नये. एकट्यादुकट्याने हे केले तर त्याचा भाव शेजारच्यापेक्षा थोडा जास्त दिसतो आणि गिऱ्हाईक तिकडे वळते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र सर्वांना एकत्र लिहिले आहे. आपण सगळ्यांनी एकाच महिन्यापासून ही पद्धत धरली, तर कुणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी आपल्या पुढच्या जाहिरातीत ‘भाव विमा-टपालासह’ एवढे शब्द लिहावेत. ज्यांना विमा टपालाची बांधणी, लाखेच्या मोहोरा किंवा फॉर्म भरणे अवघड वाटते, त्यांनी आपली वस्तू आणि रिकामा खोका घेऊन नौपाड्यात माझ्याकडे यावे. काटा, लाख आणि मोहोर माझ्याकडे आहे, आणि पहिले पार्सल आपण दोघे मिळून बांधू.

आपला विश्वासू,
नौपाडा, ठाणे येथील एक घड्याळ-विक्रेता